वत्सगुल्माची भूमी व तिचे राजे

रिसोडच्या शिवारात मृगाचा पाऊस पडला म्हणजे त्याचे पाणी ओढ्यानाल्यांनी पैनगंगेस जाऊन मिळते. पैनगंगा ते वर्धेच्या स्वाधीन करते. वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन त्यांची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते, आणि अखेरीस ते पाणी राजमहेंद्रीच्या खाली पूर्वसमुद्रात जाते. त्याच दिवशी, कदाचित त्याच ढगातून, थोडे ईशान्येस वाशीमजवळच्या काटा गावाच्या आसमंतात जे पाणी पडते, त्याची गती अगदी निराळी. ते काटेपूर्णेच्या पात्रात शिरते, डोंगर उतरून पूर्णेस मिळते, पूर्णा चांगदेवापाशी तापीच्या ओटीत जाते, व तापी ते सुरतेजवळ पश्चिमसमुद्रास अर्पण करते. एका ढगाचे दोन थेंब दोन समुद्रांच्या वाटेला लावणारी ही भूमी हिंदुस्थानच्या नकाशावर बोटाच्या पेराखाली झाकून जाईल एवढी लहान आहे. तथापि दीड हजार वर्षांपूर्वी ह्याच भूमीवर एका स्वतंत्र राजकुलाची राजधानी नांदत होती, आणि ज्या कुलाच्या अखेरच्या ज्ञात राजाच्या अमदानीत अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी कोरली गेली, ते कुल येथलेच, ही गोष्ट खुद्द वऱ्हाडातील सुशिक्षित कुटुंबांतूनही पुष्कळांस ठाऊक नसते.

श्रोत्यांनी क्षणभर नकाशा डोळ्यांपुढे आणावा. उत्तरेस मेळघाटाचे सातपुड्याचे डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, आणि मध्ये पूर्णा नदीचे सपाट, काळेभोर, कापसाचे खोरे. ह्या खोऱ्यास जुन्या मुसलमानी दप्तरांत पायनघाट म्हणत, म्हणजे घाटाखालचा मुलूख; आणि अजिंठ्याच्या रांगेवरच्या उंच प्रदेशास बालाघाट, म्हणजे घाटावरचा. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आत आहे, तर पातूरचा घाट चढून मेडशी-मालेगावच्या वाटेने वाशीम गाठले म्हणजे माणूस पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आलेला असतो. अजिंठ्याची म्हणून जी रांग आपल्या परिचयाची आहे, ती अजिंठ्याशी संपत नाही. ती पूर्वेकडे बुलढाण्यावरून वाशीम व यवतमाळच्या बाजूस पसरत जाते, आणि तिच्याच पाठीवर मेहकर, रिसोड, वाशीम ही गावे बसलेली आहेत. भूमीची जात सर्वत्र एकच, अग्निजन्य काळ्या दगडाची. नदीकाठी माती खोल व सकस, टेकाडांवर ती इतकी पातळ, की नांगराचा फाळ दगडावर वाजतो. रिसोडच्या पश्चिमेस लोणारचे सरोवर आहे. ह्याच काळ्या दगडात उल्कापाताने पडलेला तो सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा होय, आणि त्यात खारे पाणी साठलेले आहे.

ह्या पठाराचे एक वैगुण्य मात्र ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढील सर्व कथेत ते डोकावणार आहे. येथे पाणी पडते, पण राहत नाही. जलविभाजकाच्या माथ्यावरील भूमीचा तो स्वभावच होय. येथे नद्या उगम पावतात किंवा नुकत्याच बाळसे धरू लागलेल्या असतात. त्यांना विस्तार व खोली येते ती पुढे, दुसऱ्यांच्या मुलखात. उन्हाळ्यात ओढे आटतात, आणि कठीण दगडात विहीर खणणे म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाच्या धीराची परीक्षाच असते. अशा ठिकाणी ज्याला राज्य करावयाचे, त्याला तळी बांधणे प्राप्तच होते. वाशीमची पद्मतीर्थ व देवतळे ही जलाशये, आणि शहरात व भोवताली एकशे आठ तीर्थे असल्याची जी परंपरा तेथील लोक सांगतात ती, ह्या सर्वांच्या मुळाशी भक्ती आहे हे खरेच, पण तहानही आहे.

गावांची नावेही काही सांगतात. रिसोडचे जुने नाव ऋषिवट, असे तेथील लोक मानतात. वाशीमचे वत्सगुल्म, आणि त्याची उपपत्ती वत्स ऋषीच्या आश्रमाशी जोडलेली आहे. तथापि वात्स्यायनाच्या ग्रंथात वत्सगुल्मातील लोकांचा उल्लेख आला असता टीकाकाराने निराळीच हकीकत दिली आहे. दक्षिणापथात वत्स व गुल्म नावाचे दोन राजपुत्र, सख्खे भाऊ, होऊन गेले व त्यांच्या वस्तीच्या जागेस त्यांचे नाव पडले, असे तो म्हणतो. ऋषी खरा की राजपुत्र खरे, ह्या वादात शिरण्याचे कारण नाही. दोहोंवरून एवढे निष्पन्न होते, की नाव फार जुने आहे व ते प्राकृतात 'वच्छोम' असे झिजत झिजत वाशीमपर्यंत आले.

आता राजांकडे वळावे. सातवाहनांची सत्ता मोडल्यानंतर, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, विंध्यशक्ती नावाच्या पुरुषाने वाकाटक वंशाची स्थापना केली. त्याचा पुत्र पहिला प्रवरसेन. ह्याने चार अश्वमेध केले व सम्राट ही पदवी घेतली; वाकाटकांत ती पुढे कोणीही घेतली नाही. पुराणे सांगतात की त्याला चार पुत्र होते व चौघांनीही राज्य केले. त्यांपैकी दोघांच्या शाखांचाच इतिहास आज ज्ञात आहे. वडील शाखा नागपुराकडे, रामटेकजवळच्या नंदिवर्धनात राहिली. गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त ह्याची कन्या प्रभावतीगुप्ता ह्याच घराण्यात सून म्हणून आली, आणि त्यामुळे ह्या शाखेचे नाव शाळेच्या पुस्तकांतून थोडेफार येते. दुसरा पुत्र सर्वसेन ह्याने सुमारे ३३० मध्ये वत्सगुल्म येथे आपले स्वतंत्र राज्य मांडले.

सम्राटाच्या मुलाने पायनघाटाचे सुपीक खोरे सोडून ही पाण्याला वखवखलेली टेकाडे का निवडली असतील, असा प्रश्न कोणासही पडेल. ह्याचे कोणतेही लिखित उत्तर उपलब्ध नाही, पण भूगोल ते देतो. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातून गोदावरीकडे जाणाऱ्याला ही रांग चढावीच लागते व पलीकडे उतरावेच लागते. आजही अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव, वाशीम, हिंगोली व नांदेड ही सडक आणि अकोला-पूर्णा हा लोहमार्ग ह्याच रोखाने जातात. घाटमाथ्यावर बसणारा दोन्ही खोऱ्यांच्या दारावर बसतो. उत्तरेस अजिंठ्याची भिंत, दक्षिणेस गोदावरीचा खंदक, आणि ह्या दोहोंच्या मधला मुलूख हाच सामान्यतः ह्या शाखेचा अंमल होता, असे विद्वानांचे मत आहे.

ह्या शाखेचा इतिहास मागाहून पुसला गेला. इतका, की एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखाचे वाचन झाले तेव्हा त्यात एक निराळी राजधानी व निराळी वंशावळ आहे ही शंकाही कोणास आली नाही. तो लेख ओसरीबाहेरच्या भिंतीवर आहे. शतकानुशतके पावसाच्या माऱ्याने त्याची अक्षरे झिजून गेली आहेत. बूलरसारख्या गाढ्या पंडिताने जेथे 'सर्वसेन' आहे तेथे 'रुद्रसेन' वाचले व 'विंध्यसेन' आहे तेथे 'पृथिवीषेण' वाचले. कारण वडील शाखेत ही नावे माहीत होती, आणि डोळा ओळखीचेच शोधतो. त्यामुळे दोन घराणी एकात एक मिसळून गेली, आणि वत्सगुल्माचे राजे आपल्याच शिलालेखातून नाहीसे झाले.

त्यांची सुटका केली ती एका ताम्रपटाने. १९३९ साली वाशीम येथे तांब्याचे चार कोरीव पत्रे उजेडात आले. यवतमाळचे इतिहाससंशोधक य. खु. देशपांडे व त्यांचे सहकारी महाजन ह्यांनी ते प्रथम विद्वानांपुढे ठेवले, आणि पुढे नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनी त्यांचा सांगोपांग विचार केला. दान देणारा राजा विंध्यशक्ती, दुसरा. अजिंठ्याचा विंध्यसेन तो हाच. तो आपणास धर्ममहाराज म्हणवितो, सर्वसेनाचा पुत्र व सम्राट प्रवरसेनाचा नातू असे आपले कूळ सांगतो, आणि हे शासन वत्सगुल्माहून आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी देतो. ही नावे हाती येताच मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. झिजलेल्या अक्षरांतून सर्वसेन व विंध्यसेन ही नावे बाहेर आली, आणि एक हरवलेला राजवंश १९४१ पर्यंत इतिहासात पुन्हा आपल्या जागी बसला. ज्यांना इतिहास म्हणजे घोकून ठेवलेली सनावळी वाटते, त्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे. येथे पाठ्यपुस्तक चुकले होते, आणि ते दुरुस्त केले तांब्याच्या चार पत्र्यांनी.

हा ताम्रपट वाकाटकांच्या उपलब्ध ताम्रपटांत सर्वांत जुना मानतात. त्याची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि दानाचा प्रत्यक्ष मजकूर प्राकृतात. राजाची प्रतिष्ठा देववाणीत सांगावयाची, पण शेतसाऱ्याचा व्यवहार मात्र लोकांना कळेल अशा भाषेत करावयाचा, असा हा संधिकाल होता. थोड्याच पिढ्यांनी सर्व शासने संस्कृतात होऊ लागली, आणि लोकभाषेला राजदरबारात पुन्हा पाऊल ठेवावयास पुढे कित्येक शतके लागली.

दिलेले गाव आकासपद्द. ते नांदीकड येथील उत्तर मार्गावर आहे असे लेख सांगतो. 'मार्ग' हा त्या काळी मुलखाच्या विभागाचा वाचक शब्द होता, आणि नांदीकड म्हणजे आजचे नांदेड असे मिराशींनी ठरविले. दान घेणारे अथर्ववेदी ब्राह्मण होते. परंतु ह्या शासनातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे गावास दिलेल्या सवलतींची यादी. गावात सैनिकांनी शिरू नये. मीठ खणण्याचा हक्क सरकारने बजावू नये. सोने व धान्य ह्यांची नजर घेऊ नये. फुले व दूध घेऊ नये. पाळीपाळीने बैल पुरविण्याचे ओझे लादू नये. कातडे व कोळसा मागू नये. श्रोत्यांनी ही यादी उलट बाजूने वाचावी, म्हणजे तिचा खरा अर्थ उमजेल. एका गावास ज्या गोष्टी माफ केल्या, त्या बाकीच्या गावांस माफ नव्हत्या. सरकारी कारकून अगर स्वार गावात आला की कुणब्याने त्याच्या देवपूजेस फुले द्यावीत, जेवणास दूध द्यावे, चुलीस कोळसा द्यावा, बसावयास कातडे द्यावे, आणि सामान पुढच्या गावास पोचवावयास आपले बैल जुंपावेत. अशी ही चौथ्या शतकातील वेठ. राजाची स्तुती करणारे लेख पुष्कळ आहेत. रयतेवर काय काय भार होता, हे इतक्या बारकाईने सांगणारे लेख थोडे. आणि तेही न सांगण्याच्या हेतूनेच सांगून जातात.

ह्या घराण्याचा मूळ पुरुष सर्वसेन केवळ राजा नव्हता, तो कवी होता. त्याने 'हरिविजय' नावाचे प्राकृत काव्य रचले. सत्यभामेचा रुसवा काढण्यासाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, ही त्याची कथा. काव्य आज लुप्त आहे, तथापि आनंदवर्धनासारख्या काश्मीरच्या साक्षेपी साहित्यशास्त्रज्ञाने त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. गाथासप्तशतीतील काही गाथाही सर्वसेनाच्या नावावर आहेत. वऱ्हाडच्या एका राजाचे काव्य चारपाचशे वर्षांनी काश्मिरात वाचले जात होते, आणि आज त्याच्या राजधानीत त्याची पोथी मिळत नाही.

त्याचा पुत्र विंध्यशक्ती ह्याने कुंतलाच्या राजावर विजय मिळविला असे अजिंठ्याचा लेख सांगतो. त्यानंतर दुसरा प्रवरसेन येतो. त्याचे राज्य फार काळ चालले नसावे. त्याच्यामागून गादीवर आला तो आठ वर्षांचा मुलगा. त्याने राज्य चांगले केले असे लेखात म्हटले आहे, पण नेमके त्याचे नाव जेथे होते तेथेच दगड झिजला आहे. आठव्या वर्षी राज्यावर बसलेल्या, चांगला निघालेल्या, आणि नाव हरवलेल्या ह्या बालराजाची गोष्ट कोणा कथालेखकाने अद्याप हाती घेतली नाही ह्याचे नवल वाटते.

त्याचा पुत्र देवसेन. अजिंठ्याचा लेख ह्याच्याविषयी मोठ्या सभ्यतेने एक गोष्ट सांगून जातो. हस्तिभोज नावाचा गुणी मंत्री लाभल्यामुळे राजाने राज्यभार त्याच्यावर सोपविला आणि आपण सुखोपभोगात रमला. मंत्र्याच्या मुलाने कोरविलेल्या लेखात मंत्र्याची थोरवी थोडी अधिक आलेली असणे स्वाभाविक आहे. परंतु ह्याच देवसेनाच्या काळचा एक लेख वाशीमजवळच्या हिस्से-बोराळे गावी सापडला आहे, आणि त्याने सर्व वाकाटक इतिहासाला एक पक्की खुंटी मिळवून दिली. मिराशींचा वाकाटकांच्या कोरीव लेखांचा मोठा ग्रंथ १९६३ मध्ये निघाला, त्यात हा लेख नाही. तो त्यानंतर विद्वानांपुढे आला.

वाकाटकांचे बाकीचे लेख राजाच्या राज्यवर्षाने दिनांक देतात. 'आमच्या राज्याचे सदतिसावे वर्ष' असे म्हटले म्हणजे समकालीनांस ते पुरेसे असते, पण पुढच्या पिढ्यांना राज्य केव्हा सुरू झाले हेच ठाऊक नसल्याने तो आकडा हवेत लोंबकळत राहतो. हिस्से-बोराळ्याच्या लेखात मात्र शककाल दिला आहे: शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५७-५८. सर्व वाकाटक लेखांत निश्चित कालगणनेचा हा एकच. आणि हा लेख कशासंबंधी आहे? विजयासंबंधी नव्हे, यज्ञासंबंधी नव्हे, भूमिदानासंबंधीही नव्हे. राजा देवसेनाचा आज्ञाधारक स्वामिल्लदेव ह्याने सर्व प्राणिमात्रांच्या हितासाठी एक तळे बांधले, त्याचे नाव सुदर्शन, ही त्यातील वार्ता. ज्या पठारावर पाणी थांबत नाही, तेथील राजवंशाची एकमेव खात्रीची तारीख एका तळ्याने राखून ठेवली आहे.

सुदर्शन हे नाव ऐकताच इतिहासाच्या वाचकांस सौराष्ट्रातील गिरनारची आठवण होईल. तेथे चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने बांधलेले सुदर्शन नावाचेच प्रसिद्ध सरोवर होते. इसवी सन १५० च्या सुमारास ते फुटले असता रुद्रदामन क्षत्रपाने बांधविले. पुढे गुप्तसम्राट स्कंदगुप्ताच्या वेळी अतिवृष्टीने ते पुन्हा फुटले, आणि त्याच्या चक्रपालित नावाच्या अधिकाऱ्याने गुप्त संवत १३७ मध्ये, म्हणजे इसवी सन ४५६-५७ मध्ये, त्याचा बांध पुन्हा घातला. वर्षे ताडून पाहावीत. गिरनारला सुदर्शनाचा बांध पुरा झाला आणि पुढच्याच वर्षी वऱ्हाडच्या माळावर दुसरे सुदर्शन तयार झाल्याची नोंद दगडावर कोरली गेली. एकाची कीर्ती ऐकून दुसऱ्याने नाव घेतले की हा केवळ योगायोग, हे ठरविण्यास साधन नाही. पण दोन दूरच्या प्रांतांत, जवळजवळ एकाच हंगामात, दोन अधिकारी चिखलामातीत उभे राहून बांधाची उंची मोजीत होते, हे चित्र कित्येक लढायांच्या वर्णनांपेक्षा अधिक बोलके आहे.

देवसेनाचा पुत्र हरिषेण हा ह्या शाखेचा सर्वांत प्रतापी व अखेरचा ज्ञात राजा. मिराशींनी त्याचा काळ सुमारे ४७५ ते ५०० धरला होता. अजिंठ्याच्या अभ्यासात आयुष्य वेचलेले अमेरिकन पंडित वॉल्टर स्पिंक ह्यांनी तो थोडा मागे, सुमारे ४६० ते ४७७ असा नेला. कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशनामांची ओळ अजिंठ्याच्या लेखात त्याच्या संबंधाने आली आहे. हे सर्व देश त्याने जिंकून ताब्यात ठेवले, असे समजणे भाबडेपणाचे होईल. प्रशस्तिकाराची लेखणी सैन्यापेक्षा नेहमीच वेगाने चालते. तरी नर्मदेपासून दक्षिणेस त्याचा दबदबा होता एवढे मानावयास हरकत नसावी. हस्तिभोजाचा पुत्र वराहदेव त्याचा मंत्री होता. हे घराणे ब्राह्मणाचे, परंतु अजिंठ्याचे सोळावे लेणे वराहदेवाने बौद्ध भिक्षुसंघाला अर्पण केले. सतरावे लेणे हरिषेणाच्या एका मांडलिकाने कोरविले. जगभरचे प्रवासी आज छत्रपती संभाजीनगराहून मोटारीने जाऊन जी चित्रे पाहतात, त्यांना पैसा व अभय पुरविणारी राजसत्ता त्याच डोंगररांगेच्या पूर्वेकडील टोकाशी, वाशीमला बसलेली होती. अजिंठ्याच्या पायऱ्यांवर वत्सगुल्माचे नाव ऐकून घरी परतणारे किती निघतील?

हरिषेणानंतर अंधार आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'च्या आठव्या उच्छ्वासात विदर्भाच्या एका राज्याच्या नाशाची कथा आहे. सद्गुणी राजा पुण्यवर्मा मरतो. त्याचा पुत्र अनंतवर्मा बुद्धिमान, परंतु दंडनीतीचा कंटाळा करणारा निघतो. अश्मकाच्या राजाचे हस्तक त्याला व्यसनांत गुंतवितात. वनवासीच्या राजाकडून स्वारी होते, मांडलिक ऐन वेळी उलटतात, आणि राजा रणात पडतो. ह्या कथेत वाकाटकांच्या अंताची खरी आठवण गुंफलेली आहे असे मिराशी ह्यांचे मत होते, आणि स्पिंक ह्यांनी त्यावर आपली पुष्कळशी कालगणना उभारली. दंडी हा कथाकार आहे, बखरकार नव्हे, हे विसरून चालणार नाही. तथापि दोन खोऱ्यांच्या दारावर बसलेल्या राजाला दोन्ही बाजूंनी शेजारी असतात, आणि मांडलिक फिरले म्हणजे तेच दार शत्रूला उघडे पडते, एवढे तरी ह्या भूमीच्या ठेवणीवरून पटण्यासारखे आहे.

राज्य गेले, पण नगराचा लौकिक बराच काळ टिकला. कनौजच्या दरबारी राहिलेला, मूळ महाराष्ट्रीय घराण्यातला राजशेखर कवी इसवी सन ९०० च्या सुमारास लिहितो, की काव्यपुरुषाचा व साहित्यविद्येचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाला, आणि ते नगर म्हणजे मदनाचे क्रीडास्थान होय. त्याच्या 'कर्पूरमंजरी'त वैदर्भी रीतीला 'वच्छोमी' म्हटले आहे. म्हणजे संस्कृत-प्राकृत काव्यातील सर्वांत गोड मानलेल्या शैलीला वाशीमकरीण म्हणण्याचा प्रघात पडला होता. वऱ्हाडी बोलीला रांगडी म्हणून हसणाऱ्या शहरी मंडळींनी ही गोष्ट जरूर ऐकून ठेवावी.

पुढचा इतिहास धावतच सांगितलेला बरा, कारण त्यात ही भूमी राजधानी राहिली नाही. ती दुसऱ्यांच्या राज्यांचा कोपरा झाली. राष्ट्रकूट, देवगिरीचे यादव, बहमनी, एलिचपूरची इमादशाही आणि १५७४ पासून अहमदनगरची निजामशाही असे धनी बदलत गेले. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आले व वाशीम हे त्यांच्या सुभ्यातले एक सरकार झाले. अबुल फजलाने ह्या भागातील हटकरांविषयी लिहिताना ते मानी व बेबंद असल्याचे सांगून त्यांचे हजार स्वार व पाच हजार पायदळ मोजले आहे. मोगल कारकुनाने चिडून केलेली ही नोंद एका परीने प्रशस्तीच म्हटली पाहिजे. १७२४ मध्ये साखरखेर्ड्यास निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला व दक्षिणेत आपली स्वतंत्र सत्ता पक्की केली. ती रणभूमी ह्याच घाटमाथ्यावरची. त्यानंतर वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले ह्यांचा दुहेरी अंमल चालला. भोसल्यांचे कारभारी भवानी काळू ह्यांनी वाशीमचे बालाजीचे देवालय अठराव्या शतकात बांधले. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धेपलीकडचा हक्क सुटला, १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेले. इंग्रजांनी केलेला स्वतंत्र वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोल्यास जोडला. तो पुन्हा निराळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. रिसोड हा त्याच्या सहा तालुक्यांपैकी एक.

ह्या धावपळीत एक गमतीची गोष्ट घडली. १९३६ साली निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. इंग्लंडच्या युवराजास वेल्सचा राजपुत्र म्हणतात, त्याच धर्तीचा हा थाट होता. वऱ्हाडावर ना त्याची सत्ता होती ना त्याच्या बापाची. आणि ज्या भूमीचे खरे राजपुत्र येथेच जन्मून येथेच राज्य करून गेले, त्यांचा ताम्रपट त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी वाशीमला निघाला.

इंग्लंडातील हॅम्पशर परगण्यात विंचेस्टर नावाचे गाव आहे. एके काळी ती वेसेक्सच्या राजांची राजधानी होती. नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाचा पुतळा तेथे १९०१ पासून उभा आहे. जुन्या सॅक्सन राजांच्या अस्थी तेथील प्रार्थनामंदिरात रंगविलेल्या पेट्यांतून, वर नावे घालून, जपून ठेवल्या आहेत. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातील शाळांतून इंग्लंडच्या राजांच्या याद्या मुले पाठ म्हणत असत. त्याच वेळी त्या शाळांच्या आवाराबाहेर, आल्फ्रेडाहून चारपाच शतके जुन्या राजांची राजधानी मातीखाली निजलेली होती, आणि गुरुजींनाही ते ठाऊक नव्हते. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. तोपर्यंत ते कोणासच ठाऊक नव्हते. पण १९३९ नंतर ही सबब उरली नाही.

आज रिसोडच्या शिवारात सोयाबीन, तूर व हळद पिकते, आणि नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला आहे. ट्रॅक्टर पूर्वीच्या लाकडी नांगराहून खोल जातो. जुने कोरीव तांबे ज्याच्या हाती लागते त्याला त्यात लेख दिसेलच असे नाही. कित्येकदा ते मोडीच्या भावाने तांबटाकडे जाते, आणि त्याचा हंडा होतो. देवसेनाने वत्सगुल्माहून दिलेल्या एका शासनाचा पहिला पत्रा लंडनमध्ये इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात जाऊन पोचला, म्हणून तो वाचला गेला. त्यात राजाचे नाव आहे, आणि शासन जेथून निघाले त्या नगराचे नाव आहे. शासनाचा उरलेला मजकूर पुढच्या पत्र्यांवर होता. ते पत्रे उपलब्ध नाहीत.